हजारात नऊ

भिंगकाका त्या दिवशी घराबाहेर पडले ते फक्त मीठ आणायला. स्वयंपाकाचं नव्हे, माशांचं. बादलीभर मिळतं, मापात साध्या पाण्यात विरघळवलं की घरबसल्या समुद्र तयार. चौदा वर्षांनी ते शोभेच्या माशांच्या त्या दुकानाची पायरी चढत होते, आणि सत्तराव्या वर्षी त्यांना शाळा बुडवून आल्यासारखं वाटत होतं.

"अहो, तुम्ही?" दुकानदार खुर्चीतून उठलाच. "मला वाटलं, समुद्राशी कायमची कट्टी केलीत."

"समुद्राशी नव्हती रे," काका म्हणाले आणि पुढचं गिळून टाकलं.

कुणाशी होती ते मी सांगतो, कारण काका स्वतःहून सांगायचे नाहीत. चाळीस वर्षं त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. भिंग घासताना केसाएवढी चूक होऊ द्यायचे नाहीत, पण तोंडातून शब्द सुटला की सुटला. घरी आले की एकच नाद: दिवाणखान्यातली काचेची टाकी आणि तिच्यातलं जिवंत प्रवाळ. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण असतं भारी नाजूक. पाणी जरा जास्त खारट झालं की संपलं. एकदा काका नवं यंत्र शिकायला दहा दिवस परगावी गेले. टाकीतलं पाणी रोज लिटरभर आटतं. काकूंनी ते रोज न चुकता भरून काढलं, मिठाच्या पाण्यानं. समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायला हवं, नाही का? कुणालाही असंच वाटेल. पण आटतं ते नुसतं पाणी. मीठ जागच्या जागी राहतं. भर घालायची ती साध्या पाण्याची. काका परतले तेव्हा आठ वर्षं वाढवलेलं प्रवाळ पांढरंफटक पडलं होतं.

"माझ्या टाकीला परत हात लावायचा नाही," काका म्हणाले. एवढंच. काय चुकलं ते सांगायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

काकूंनी खरंच हात लावला नाही. रिकाम्या टाकीवरची धूळसुद्धा पुसली नाही. त्यानंतर बारा वर्षं दोघांचा संसार झाला, हसणं-खिदळणं झालं, लेकीचं लग्न झालं, पण त्या कोपऱ्यावरून जाताना काकू अंग चोरून जायच्या. काकांना ते दिसायचं. आज बोलू, उद्या बोलू करता करता काकूच गेल्या. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

लेक दुसऱ्या शहरात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. तिचा आकड्यांवर विश्वास, माणसांवर बेताचाच. काकांनी दोनदा दूध गॅसवर ठेवलं आणि विसरून फिरायला गेले, तेव्हापासून तिनं धोशा लावला होता: घर बंद करा, माझ्याकडे चला. काकांना हे घर सोडायचं नव्हतं. त्यांना इथेच, या भिंतींत, आपल्या माणसाच्या वावरात राहायचं होतं. शेवटी बापलेकीत तह झाला.

"तुमची ती टाकी परत लावा," लेक म्हणाली. "तीन महिने नीट सांभाळलीत तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर निमूट चलायचं."

टाकी म्हणजे रोजची मोजमापं. विसरभोळ्याचं ते काम नव्हे. पोरीनं परीक्षा बरोबर शोधली होती, बापाचीच ना ती!

काका कामाला लागले. टाकी घासली, मीठ विरघळवलं, दगड रचले, पाणी मुरायला महिनाभर सोडलं. मग दोन नारिंगी मासे आले आणि अंगठ्याएवढं एक प्रवाळ. पहिल्या दिवशी ते मिटूनच बसलं. दुसऱ्या दुपारी निळ्या दिव्याखाली त्याची बारीक बोटं एकेक करून उघडली. "अगं, बघ तरी," असं ते चक्क मोठ्यानं बोलून गेले. मग एकटेच ओशाळले.

खारटपणा मोजायची एक वीतभर नळी असते. काका तिला मिठाची दुर्बीण म्हणत. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत निळी रेघ दिसते. रेघ पस्तिसावर हवी, म्हणजे हजार भाग पाण्यात पस्तीस भाग मीठ. काका रोज संध्याकाळी मोजायचे, वहीत लिहायचे आणि आटलेलं लिटरभर पाणी मगानं घालायचे.

दोन महिने पस्तीस म्हणजे पस्तीस. आणि मग एका संध्याकाळी काका मग घेऊन गेले तर टाकी भरलेलीच होती. खुणेची चिकटपट्टी जिथे, पाणी बरोबर तिथे. आटलंच नव्हतं.

"काल हवा दमट असेल," काका स्वतःशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आठवड्यानं दुर्बिणीत रेघ छत्तिसावर होती.

आता काका घाबरले. भूतबीत त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना भीती वाटली ती स्वतःची. आपणच पाणी घालतोय, मीठ विरघळवून घालतोय, आणि आपल्याच लक्षात राहत नाही! लेक म्हणते ते खरं आहे तर. त्यांनी मिठाच्या बादलीच्या झाकणाला दोरा बांधला. दोरा शाबूत राहिला. साध्या पाण्याच्या कॅनवर पेनानं रेघ मारली. कॅनमधलं पाणी रेघेवरून हललं नाही. टाकी मात्र रोज दुपारनंतर भरलेली आणि कडेला ठेवलेला मग ओला. फोनवर लेकीनं विचारलं, "आकडा?"

"पस्तीस," काका म्हणाले. आयुष्यात कुणाला खोटा नंबर दिला नव्हता, तो पोटच्या पोरीला दिला.

एका दुपारी ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. दिवाणखान्यात पंपाची बारीक घरघर, निळा उजेड, इमारत सगळी जेवून आडवी झालेली. काकांचा डोळा लागला असेल पाचेक मिनिटं. जाग आली ती आवाजानं. काचेच्या कडेनं पाणी उतरत होतं. हळू, अगदी बेतानं, शिंतोडा उडू न देता, जसं कुणी झोपलेल्या माणसाच्या उशाशी तांब्या भरून ठेवावा. खोलीत गरम इस्त्रीचा वास होता. काकू रोज या वेळेला इस्त्री करायच्या.

काकांनी मान वळवली नाही. त्यांना वळवता आली नाही.

आवाज थांबला. पाणी पट्टीला टेकलं होतं.

तीन महिने भरले त्या दिवशी सकाळीच लेक गाडी घेऊन हजर. चपला काढायच्या आधी तिनं दुर्बीण उचलली. थेंब टाकला आणि डोळा लावला. प्रवाळाची बोटं अर्धी मिटली होती.

"बाबा, अडतीस आहे."

"हो."

"तुम्ही मला पस्तीस सांगत होता."

"मी नाही गं घालत ते पाणी. तुझी शपथ, मी नाही."

"मग कोण घालतं?" ती रागावली नव्हती, तेच काकांना जास्त लागलं. ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेऊन. "हे बघा, यात लाजण्यासारखं काही नाही. वय झालं की होतं असं. आपण बॅग भरू या. सावकाश."

"आजची दुपार बस माझ्याबरोबर," काका म्हणाले. "एकच दुपार. मग तू म्हणशील तिथे येतो."

पोरगी बापावर गेलेली, कामात पक्की. मिठाची बादली उचलून तिनं खाली गाडीच्या डिकीत टाकली आणि डिकीला कुलूप लावलं. कॅन स्वयंपाकघरात नेला. पाणी घालायचा मग कोरडा पुसून टाकीजवळच्या स्टुलावर पालथा घातला. पाणी पट्टीच्या बोटभर खाली होतं. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसली. एक वाजला. दोन वाजले. तिनं प्रयोगशाळेतल्या गमती सांगितल्या, यांनी दुकानातल्या. तिनं बोलता बोलता नाक वर करून वास घेतला.

"बाबा, इस्त्री चालू ठेवलीत की काय?"

"नाही गं."

"मग हा वास..."

ती तिथेच थांबली. काचेच्या कडेनं पाणी उतरू लागलं होतं. कुणी नव्हतं. हात नव्हता, सावली नव्हती. पाणी पट्टीकडे चढत होतं, मासे एका बाजूला झाले होते, आणि स्टुलावरचा पालथा मग आता सुलटा होता. लेकीची बोटं काकांच्या मनगटात रुतली.

"बाबा... हे..."

"तुझी आई आहे," काका म्हणाले. हे शब्द तोंडातून गेले आणि महिनाभराची भीती कुठल्या कुठे गेली. आपलं डोकं शाबूत होतं. आणि ती इथेच होती. ते उठले, टाकीपाशी गेले, आणि चौदा वर्षांपूर्वी जे दोन मिनिटांत सांगता आलं असतं ते सांगायला लागले. "अगं, साधं पाणी घालायचं असतं. आटतं ते पाणी, मीठ नाही आटत. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. मीच नव्हतं सांगितलं."

लेकीनं मात्र मग उचलला होता. तळाशी घोटभर पाणी होतं. तिनं दुर्बिणीवर थेंब टाकला. सवयच ती.

"बाबा, हे समुद्राचं पाणी नाही."

"किती?"

"नऊ."

काकांनी दुर्बीण घेऊन स्वतः डोळा लावला. नऊच. समुद्र पस्तीस असतो. पिण्याचं पाणी जवळपास शून्य. नऊ काय असतं हे चाळीस वर्षं डोळ्यांचं काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. डोळ्यांत भिंगं घालणाऱ्या हजारो गिऱ्हाइकांना त्यांनी तेच ऐकवलं होतं: या बाटलीतलं पाणी हजारात नऊ, आपल्या आसवांइतकं खारट, म्हणून डोळ्याला झोंबत नाही. रोज एक लिटर. रोज.

"एवढी रडलीस?" काका म्हणाले, आणि स्वतःच लहान मुलासारखे रडायला लागले. "माझं चुकलं गं. टाकी गेली तर गेली, मी तुला असं बोलायला नको होतं. सगळ्या जन्मात एवढं एक सांगायचं राहिलं. लाव हात. तुझीच आहे टाकी. लाव ना."

लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं की आवाज थांबलाय.

लेक रजा वाढवून दहा दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी भरली, मगातलं उरलेलं पाणी मोजलं: शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. आता कॅनमधलं पाणी रोज लिटरभर कमी होत होतं. काकांनी जुनं पाणी थोडं थोडं काढून खारटपणा उतरवला आणि प्रवाळ पुन्हा उघडलं. काका त्या दहा दिवसांत दहा वर्षांनी तरुण झाले. जेवताना टाकीकडे तोंड करून बसायचे, जाता-येता थट्टा करायचे, "बघ हं, सांडशील." लेक आधी दचकायची, मग तीही हसायला लागली. बॅग भरायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

"तुम्ही जिंकलात," जायच्या दिवशी ती म्हणाली. "राहा इथेच. आईच्या नजरेखाली आहात, मला काय काळजी!" तिनं चपला घातल्या, गाडीची किल्ली घेतली. चार तासांचा रस्ता होता. काका तिला निरोप द्यायला उठले आणि नेहमीप्रमाणे, काही मनात नसताना, मगातला थेंब दुर्बिणीवर टाकून डोळा लावला.

नऊ.

त्यांनी काच पुसली. नवा थेंब टाकला. नऊ.

"अगं, आता काय झालं?" ते अगदी हळू म्हणाले. "मी काही बोललो का?"

काही बोलले नव्हते. दहा दिवसांत घरात कुणाचा आवाजही चढला नव्हता. मग ती कशासाठी... कुणासाठी? काकांनी आपल्या छातीवर हात ठेवला. ठोके ठीक होते. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. दुर्बीण एवढंच सांगत होती, पुढचं काही नाही.

"तू आज जाऊ नकोस."

"बाबा, उद्या ड्यूटी आहे. दोनदा रजा वाढवलीय."

"मग थांब. मी येतो तुझ्याबरोबर."

"आता?" ती हसली. "तीन महिने भांडलात ना हे घर सोडायचं नाही म्हणून? आणि टाकीचं काय?"

"ती बघेल."

काकांनी औषधांची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या. टाकीला हात लावून क्षणभर उभे राहिले, मग दिवाणखान्यातून उलट्या पावलांनी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. जिन्यात त्यांनी लेकीचा दंड घट्ट धरला. तिला वाटलं, आधारासाठी.

बंद दारामागे पाणी घालायला सुरुवात झाली होती. मगात मावतं लिटरभर. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. दोघं पहिला मजला उतरली, दुसरा उतरली, खालच्या दारापाशी आली, तरी वरून धार ऐकू येतच होती.

"बाबा, गाडी तुम्ही चालवता की मी?" लेकीनं विचारलं.