भागीतला मिक्सर

"मिक्सर दाखवा अण्णा. पण कांदा-टोमॅटो वाटून दाखवू नका... हे वाटा."

मंगलानं पिशवीतला पितळी डबा काढून काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं. भाजलेले शेंगदाणे, त्यावर देठं खुडलेली ब्याडगी मिरची, लसूण आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे. कोप्पीकर रोडवरचं हे तिचं सकाळपासूनचं चौथं दुकान होतं. बाहेर हुबळीचा तो बारीक, न संपणारा जिटीजिटी पाऊस लागला होता. तिच्या साडीचे काठ भिजून पायांना चिकटले होते, पण चेहऱ्यावर दमल्याची खूण नव्हती.

दुकानदार शेट्टर डब्याकडे बघतच राहिले. "एवढं कोरडं? यव्वा, मोटार जळाली तर?"

"जळाली तर इथंच जळू दे की. माझ्या घरी येऊन कशाला जळायची?"

मागे कुणीतरी हसलं. मंगलानं वळून पाहिलं. रेल्वे वर्कशॉपचा खाकी शर्ट घातलेला एक उंच तरुण दाराशी उभा होता. केसांवर पावसाचे थेंब, हातात सायकलची किल्ली. तिनं बघताच त्यानं हसू आवरलं... पण डोळ्यांतलं काही आवरेना.

मंगला पुन्हा काउंटरकडे वळली. हसण्यावारी नेण्यासारखं हे काम नव्हतं. तिची आई चंपाबाई पंधरा वर्षं उखळात शेंगाचटणी कांडून विकत होती. त्या चटणीवर मंगला मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, एका वकिलांकडे नोकरीला लागली. आता विद्यानगरातली एक मोठी खानावळ आठवड्याला आठ किलो चटणी घ्यायला तयार झाली होती. पहिल्या तारखेपासून. आणि नेमका आईचा उजवा खांदा धरला. मुसळ छातीच्या वर जाईना. खानावळवाल्यानं स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या तारखेला माल आला नाही, तर धारवाडची दुसरी बाई तयार आहे.

पर्समध्ये तीनशे रुपये होते. पगारातून राखलेले. त्यात बसेल असा मिक्सर हवा होता, आणि तो चटणी कुटेल असा हवा होता. दोन्ही एकाच जागी सापडत नव्हतं.

शेट्टरांनी नाइलाजानं तीनशेवाला मिक्सर लावला. पहिला घाणा बरा निघाला. दुसऱ्याला आवाज बदलला. मंगलानं नाक पुढे केलं. तेवढ्यात मागचा तो तरुणही पुढे आला आणि त्यानं मिक्सरच्या अंगावर तळवा ठेवला.

"थांबवा!" दोघं एकदमच म्हणाले.

"वास येतोय," मंगला म्हणाली.

"तापलाय," तो म्हणाला. "तीनशे वॅटची मोटार आहे. ओलं वाटायला ठीक. कोरड्याला महिनाभर टिकणार नाही." आणि जरासा ओशाळून, "मी वर्कशॉपमध्ये फिटर आहे... सवय."

"मग याला कुठला टिकेल?"

त्यानं फळीवरच्या एका पांढऱ्या मिक्सरकडे बोट केलं. गेल्या सालचा, दाखवण्यासाठी ठेवलेला, एका बाजूला लांब ओरखडा गेलेला. "पाचशे वॅट. स्टीलची भांडी. खालचं जोडही धातूचं आहे, रबराचं नाही."

तो लावला. मंगलानं डब्यातलं उरलेलं सगळं टाकलं. मिक्सरनं एकदा हुंकार दिला आणि मग एका सुरात चालत राहिला. झाकण उघडलं तेव्हा सगळ्या दुकानाला ठसका लागला. शेट्टर खोकत बाहेर पळाले. मंगलानं चिमूट बोटांवर चोळून पाहिली... आईच्या मुसळाला लाजवील अशी चटणी!

"हा द्या!" पुन्हा दोघं एकदम.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी आधी आलेय," मंगला म्हणाली.

"पण निवडला कुणी?"

"ओरखड्यामुळे पाचशेला देतो," शेट्टर डोळे पुसत आत आले. "पण नग एकच आहे. कोण घेतंय ते तुम्हीच ठरवा."

पाचशे! मंगलाची पर्स तिच्या काखेत जड झाली. त्या तरुणानं खिशावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"तुम्हाला कशाला हवाय?" तिनं विचारलं. आवाज आपोआप उतरला होता.

"अप्पांसाठी... माझे वडील. सायकलवरून पडले, जबडा मोडला. दवाखान्यात दात तारेनं बांधून टाकलेत. तोंड उघडत नाही. सहा आठवडे सगळं पातळ करून फटीतून ओढायचं. जरा कण राहिला की अडकतो, ठसका लागतो." तो थांबला. "शेजारणीचा मिक्सर आणून बघितला. भाकरीचे कण राहतात त्यात. अडीचशे आहेत माझ्याकडे."

मंगलानं क्षणभर बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण दात तारेनं बांधलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढणंही नव्हतं.

"राहता कुठं?"

"विद्यानगरच्या मागं. गाव रायापूर, पण दवाखान्यासाठी अप्पांना खोलीवर आणलंय."

"मी पण तिथलीच. मग भागीत घेऊ. अर्धे तुमचे, अर्धे माझे."

"मिक्सर म्हणजे काय शेत आहे होय री?" शेट्टर म्हणाले. "बिल कुणाच्या नावावर करू?"

"दोघांच्या," मंगला ठामपणे म्हणाली.

शेट्टरांनी चष्मा चढवला, तिचं नाव विचारलं आणि मोठ्यानं बोलत लिहिलं, "मंगला केदारी... आणि?"

"आनंदा," तो म्हणाला.

"मंगला आणि आनंदा. लग्नपत्रिकाच झाली की!"

मंगलानं बिल ओढून घेतलं. पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या, त्याला ती काय करणार? मिरचीच तिखट होती...

*

आनंदानं मिक्सर कॅरिअरला बांधून तिच्या घरी पोचवला. आत येताच भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून त्यानं हात जोडले आणि चंपाबाईंना म्हणाला, "जय भीम, मावशी."

चंपाबाईंचा दुखरा खांदासुद्धा सैल झाला. "जय भीम, बाळा. बस. चहा घे."

व्यवस्था ठरली ती अशी. मिक्सर मंगलाकडे राहायचा. आनंदानं वर्कशॉपला जाताना अप्पांच्या जेवणाचं सामान द्यायचं. मंगलानं पहाटे चटणी काढायची, भांडं धुऊन अप्पांचं वाटायचं, आणि कचेरीत जाता जाता त्यांच्या खोलीवर डबा पोचवायचा. संध्याकाळी आनंदा मिक्सर घेऊन जायचा आणि अप्पांचं रात्रीचं वाटून झालं की रात्रीच परत आणून द्यायचा.

पहिल्या तारखेला आठ किलो चटणी खानावळीत पोचली. खानावळवाल्यानं बोटभर चाखली आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्याला दहा आणा."

ते ऐकून मंगला घरी जवळजवळ धावतच आली. आणि दारात आनंदा उभा. चेहरा उतरलेला.

"काय घातलंत आज डब्यात?"

"ज्वारीची आंबील... दुधीची भाजी. का?"

"तिखटजाळ! अप्पांच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. तोंड उघडता येत नाही, पाणी पिता येत नाही धड... भांडं धुतलं होतं का तुम्ही?"

धुतलं होतं. पण घाईत, एका पाण्यानं. मंगलानं सबब सांगितली नाही. पर्ससुद्धा खाली न ठेवता ती तशीच निघाली. तो मागं मागं.

खोलीत आनंदाचे अप्पा, सत्याप्पा, खाटेवर बसले होते. पांढऱ्या मिशा, खाली करकचून मिटलेला जबडा, आणि मांडीवर पाटी. बोलता येत नाही म्हणून ते पाटीवर लिहीत. रेल्वेच्या रात्रशाळेत गिरवलेली मोठी मोठी अक्षरं.

"अप्पा, चुकलं माझं," मंगला म्हणाली. "उद्यापासून तीन पाण्यानं धुईन."

सत्याप्पांनी मान जोरात हलवली. पेन्सिल उचलली आणि लिहून पाटी तिच्यापुढे धरली.

'धुऊ नको. दहा दिवसांत आज पहिल्यांदा जिभेला कळलं मी जिवंत आहे.'

मंगला हसू लागली. हसता हसता डोळे भरून आले. आनंदानं पाटी वाचली, बापाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... "मला माफ करा," तो पुटपुटला. "मी उगाच..."

"उगाच नाही. बापासाठी भांडलात." ती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "असं भांडलेलं मला चालतं."

त्या दिवसानंतर डब्यात चिमूटभर चटणी जाऊ लागली. मोजून चिमूटभर. सत्याप्पा पाटीवर रोज निकाल लिहीत: 'मीठ कमी.' 'उत्तम.' एकदा लिहिलं, 'आनंदा काल दाढी करून मिक्सर न्यायला गेला.' ते वाचून मंगलानं पाटी झटकन पुसली. पण पुसण्याआधी दोनदा वाचली.

संध्याकाळी आनंदा येई तेव्हा मिक्सर तयार असे, पण तो लगेच निघत नसे. कधी मोटारीत तेलाचा थेंब सोडायचा, कधी पाती घट्ट करायची, कधी नुसतंच...

"अजून काय राहिलं बघायचं?" एकदा मंगलानं विचारलं.

"आवाज जरा वेगळा वाटतोय."

"बंद आहे तो."

"हो... म्हणूनच वेगळा वाटतोय."

आतून चंपाबाईंचा खोकला ऐकू आला. खोकला कमी, हसू जास्त. पण आनंदा गेल्यावर त्या मुलीला म्हणाल्या, "शेजारची दुर्गव्वा विचारत होती, हा पोरगा रोज का येतो."

"मग?"

"मी म्हटलं, मिक्सर न्यायला."

"खरंच आहे की."

"बाई गं," चंपाबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मी पंधरा वर्षं चटणी विकली. गिऱ्हाईक कशासाठी आलंय, ते मला दारातच कळतं."

*

सहा आठवडे सरले. तारा निघाल्या. सत्याप्पांनी मऊ भाकरी दुधात कुस्करून स्वतःच्या दातांनी खाल्ली. मंगला ती बघायला गेली, पोटभर आनंदली आणि परत येताना सवयीनं रिकामा डबा घेऊन निघाली. आता डबा कुणाला न्यायचा?

रविवारी आनंदा आला. नवाकोरा पांढरा शर्ट, पण नजर जमिनीवर.

"अप्पा रायापूरला जायचं म्हणतात. मी पण खोली सोडतोय. बसनं जाईन-येईन वर्कशॉपला." त्यानं मिक्सरकडे बोट केलं. "मिक्सर तुम्हालाच राहू दे. माझी भागी... सोडली मी."

मंगला चटणीचे पुडे बांधत होती. तिचे हात थांबले. ती उठली, आत गेली. तिनं ट्रंक उघडली आणि अडीचशे रुपये आणून त्याच्यापुढे धरले.

"घ्या."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मला पैसे नकोत, मंगला."

"घ्या म्हणते ना. मग बोलते."

त्यानं ते घेतले. न बघता खिशात कोंबले. वळायला निघाला.

"थांबा! माझं झालं नाही." ती दारात आडवी उभी राहिली. "आता आपल्यात मिक्सरचं काही राहिलं नाही. मी कुणाच्या उपकारात नाही, तुम्ही कुणाच्या भागीत नाही. आता जे बोलाल ते मशिनीसाठी बोललात असं कुणी म्हणणार नाही... मी पण नाही म्हणणार. आता सांगा. सहा आठवडे बंद मोटारीचा आवाज ऐकत होता, तो कशासाठी?"

बाहेर पाऊस उघडला होता. पन्हळीतून थेंब पडत होते. आनंदानं वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं नजर काढून घेतली नाही.

"रोज विचारायचं ठरवून यायचो," तो म्हणाला. "पण भीती वाटायची. तुम्ही नाही म्हणालात, तर अप्पांच्या जेवणाचं काय..."

"अप्पा आता आपल्या दातांनी जेवतात."

"हो."

"मग?"

"मग... मंगला, तू माझ्याशी लग्न करशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. त्या एका अक्षरानं तिच्या अंगावर काटा आला. पण मंगला ती मंगलाच. "चटणीचं काम सुटणार नाही," ती म्हणाली. "खानावळ आता बारा किलो मागतेय. आणि आई एकटी राहणार नाही."

"मग मी खोली सोडतच नाही. दोन खोल्यांचं घर बघू. अप्पांना पण इथंच ठेवू. चटणीच्या गावी राहायला ते कधीही तयार आहेत."

"आधी विचारा त्यांना."

"विचारलं. सकाळीच." तो लाजला. "बोलता यायला लागल्यापासून ते दुसरं काही बोलतच नाहीत."

मंगला खळखळून हसली. त्यानं पुढे होऊन तिचा हात हातात घेतला. हलकेच, जपून. मग आपले भरून आलेले डोळे त्यानं त्याच हातानं पुसले. आणि दुसऱ्या क्षणी कळवळून ओसरीवरच खाली बसला! मंगलाची बोटं सकाळपासून मिरचीत होती.

"आई! पाणी आण, लवकर!"

चंपाबाई तांब्या घेऊन धावत आल्या. डोळे चोळत, नाक ओढत, घळाघळा पाणी गाळत बसलेला आनंदा बघून त्या दारातच थबकल्या.

"अगंबाई... नाही म्हणालीस की काय गं त्याला?"

"नाही, मावशी," आनंदा डोळे मिटल्या मिटल्याच म्हणाला. "हो म्हणाली."

चंपाबाईंनी तांब्या मुलीच्या हातात दिला, दुखऱ्या खांद्याचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग धू गं त्याचे डोळे. आता तुझाच तो."