पेचकसाला पाणी

ही घटना खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल हसावं. पण ज्याच्यासोबत हे घडलं तो धावजी माझ्या आजीचा सख्खा धाकटा भाऊ, आणि साधं खोटं बोलायचं म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा.

साल १९५९. वैशाख महिना. पुसदपासून चार कोसांवरचा आमचा बंजारा तांडा.

रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती…

धावजीच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं. त्याच्या वाट्याला मात्र खडकाळ शेत आलं, आणि त्यात त्याचं मन रमेना. पस्तिशी उलटल्यावर या गड्याने काय करावं? शेजारच्या गावी उकंडा लोहाराकडे जाऊन हातोडा हाती घेतला. सगळा तांडा हसला. बायको धनीबाई हसली नाही. ती मुकाट त्याच्यासोबत गेली आणि भाता ओढायला बसली. पदरी मूलबाळ नव्हतं. एकमेकांना दोघंच.

उकंडाबाबा सत्तरीचा. खोकणारा, तोंडाने फटकळ, पण मायाळू. धनीबाई त्याला सासऱ्याच्या जागी मानायची. त्याची नुसती चाहूल लागली की तिची ओढणी झर्रकन तोंडावर यायची.

म्हाताऱ्याने धावजीला सगळं शिकवलं.

एक सोडून… पाणी देणं.

हत्यार घडवून झालं की लाल करून त्याचं नुसतं टोक पाण्यात बुडवतात. मग टोक विटेवर घासून चकचकीत करतात आणि वाट बघतात. दांड्यातली उरलेली धग टोकाकडे येते, तसा रंग सरकतो. आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. नेमक्या रंगावर ते पुन्हा पाण्यात घालायचं. घाई केली तर हत्यार तुटतं, उशीर केला तर वाकतं. तो क्षण धावजीला कधीच ओळखता आला नाही. म्हणून उकंडाबाबा भट्टीच्या दारात पाटावर बसायचा आणि सांगायचा,

"थांब… थांब… आता!"

त्या चैत्रात म्हाताऱ्याचा खोकला फारच वाढला. पुतण्या नागोराव त्याला यवतमाळला दवाखान्यात घेऊन निघाला. कापसाच्या एका जिनिंगमधला देवीलाल मिस्त्री नुकताच पेचकस, म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार, घडवायला सांगून गेला होता. गाडीत चढता चढता उकंडाबाबा म्हणाला,

"पेचकस घडव तू. पन मी येतपर्यंत त्याले पानी देऊ नोको."

"नाई देत, बाबा."

"पान्यानं हत्यारात जीव येते. थो माह्याच शब्दावर आला पाह्यजे. वाट पाह्यजो माही."

धावजीने मोटारीच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा घेतला. पहिला पेचकस वाकडा झाला. दुसरा भट्टीत जळाला. तिसऱ्याला आठ दिवस गेले, पण तो असा सरळ उतरला की धावजी लहान मुलासारखा खुश झाला. म्हातारा परत आला की तयार पेचकस त्याच्या हातावर ठेवावा, एवढंच त्याच्या मनात आलं.

"कायले घाई करता जी?" धनीबाई म्हणाली. "बाबा सांगून गेले ना."

"खुश होईन म्हातारा. तू भाता ओढ."

इथेच चुकलं.

पोलाद लाल झालं. धावजीने टोक बुडवलं, घासलं. धनीबाईने भाता थांबवला. बाहेरच्या लिंबावर होले घुमत होते…

तेही थांबले.

पिवळा रंग सरकला. मग तांबूस. धावजीच्या डोळ्यांपुढे सगळे रंग एक झाले. त्याला काही कळेना.

दारातून खोकला आला…

"थांब…"

धावजीने वर पाहिलं नाही. रंगावरून नजर हटवायची नसते.

"थांब… आता!"

हात आपसूक पाण्यात गेला. चर्रर्र करून वाफ उठली. धावजी आनंदाने वळला.

"बाबा, कवा आले तुमी?"

दारात कोणी नव्हतं. पाट रिकामा होता.

मनाचे खेळ असतील, असं म्हणून त्याने धनीबाईकडे पाहिलं. तिची ओढणी हनुवटीपर्यंत खाली आली होती.

"धने… काहून तोंड झाकलं?"

"बाबा बसले ना पाटावर," ती ओढणीआडून पुटपुटली. "तुमाले दिसून नाई राह्यले का?"

दुसऱ्या दिवशी नागोराव एकटाच परत आला. म्हातारा काल दुपारी गेला होता. शेवटी एकच घोकत होता म्हणे, "मले जाऊ द्या. थो माह्याबिगर पानी देऊन राह्यला."

 धावजीने फक्त वाट पाहायची होती. तेवढंही त्याच्याने झालं नाही. आणि आता एकच प्रश्न भुंग्यासारखा त्याचं डोकं पोखरू लागला… म्हातारा मेला म्हणून आला, की यायचं होतं म्हणून मेला?

त्याने भट्टी विझवली. पेचकस देवीलालला दिला नाही. घराच्या छपरात खोचून ठेवला.

भादव्यात धनीबाईला ताप चढला. तीन दिवस उतरेना. नाल्याला पूर आला होता, पुसदची वाट बंद होती. झाडपाल्याचा काढा, ओल्या पट्ट्या, देवीला नवस, सगळं करून झालं. चौथ्या दिवशी दुपारी धावजी तिचा हात धरून बसला होता. तो हात भाजत होता. हिच्यामागे आपलं कोण, या विचाराने त्याला रडू फुटत होतं.

बाहेर पाऊस थांबला. एकदम…

धनीबाईने डोळे उघडले. दाराकडे पाहिलं. दुसरा हात जेमतेम उचलला…

आणि ओढणी तोंडावर ओढली.



"धने, कोनी नाई तिथं. काढ ते तोंडावरून."



दारातून खोकला आला…

"थांब…"

"बाबा, पाया पडतो तुमच्या! चुकलो मी. भट्टी इझवली. काहीच घडवून नाई राह्यलो मी!"

"थांब…"

पुढचा शब्द कोणता, हे त्याला ठाऊक होतं. कान झाकून घ्यावेत, असं वाटलं. पण त्यासाठी तिचा हात सोडावा लागला असता. त्याने हात सोडला नाही.

"आता."

या वेळी आवाज हळू होता. मायेचा होता. धावजीच्या मुठीत तो तापलेला हात बोटांकडून निवत गेला. त्याला काही म्हणजे काही करता आलं नाही.

मी एकदा त्याला विचारलं, "आजोबा, उकंडाबाबाने सूड घेतला का?"

"सूड? नाई गा. लय मायेचा मानूस होता थो. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं." मग त्याने छपरातल्या पेचकसाकडे पाहिलं. "मले एकच सांग. थो तिले न्यायले आलता, का मले सांगायले?"

 

आमच्या घरात कुणाला ताप आला की धावजी येऊन मला दारात बसवायचा. "तिथंच बस," म्हणायचा. "जागा रिकामी ठेवू नोको."

धावजी गेला त्यालाही वर्षं झाली. पण घरात कुणी तापलं की मी अजूनही उठतो आणि दारात जाऊन बसतो…