विल्फ रिमरच्या फोनचा विमा

विल्फ रिमर जिन्याच्या पायथ्याशी पालथा पडला होता. त्याचा गार पडलेला हात मांडीवर घेऊन त्याची नात शोना शेजारी बसली होती. पोलिसांना फोन तिनेच केला होता, पण पोलीस आले तरी ती तो हात सोडायला तयार नव्हती.

म्हाताऱ्याच्या अंगात कोट होता. एका बाहीत हात घातलेला, दुसरी बाही रिकामीच.

सार्जंट नोरीन थ्रेलफॉल स्वयंपाकघरात गेली. मागचं दार शाबूत होतं. सिंकशेजारी सोनेरी काठाचे दोन कप धुऊन उपडे घातले होते. भांडी धुवायचा टबही सिंकमध्ये उपडा. टब सरळ करायला नोरीनचा हात आपसूक पुढे गेला, तिनं तो मागे ओढून खिशात घातला. फ्लीटवूड बंदरातल्या कोळ्याची लेक असली तरी ती पोलिसात होती, आणि पुराव्याला हात लावायचा नसतो.

"दोघांनी बसून चहा घेतलाय," इन्स्पेक्टर गारसाइड म्हणाला. तो प्रेस्टनचा, इथे बदलून आलेला. "म्हणजे आलेला माणूस ओळखीचा. शेजारीण सांगते, काल आजा-नातीचं कडाक्याचं भांडण झालं. आणखी काय हवंय? संध्याकाळी पोरीवर आरोप ठेवून टाकू."

"आणि कोट, सर?"

"थंडी वाजली असेल! नोरीन, उगाच फाटे फोडू नका."

ठाण्यात शोना भिंतीकडे बघत बसली होती. तिचा बाप मासेमारीच्या ट्रॉलरसकट समुद्रात गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून आज्यानंच तिला वाढवलं.

"भांडण कशावरून झालं?" नोरीननं विचारलं.

"मी नर्सिंगचा कोर्स सोडून घरी राहते म्हणाले. ते म्हणाले, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, पडलात कुठे तर मी उचलायला येणार नाही. तेच शेवटचं बोललेय मी त्यांच्याशी."

"आज चहा घेतलास त्यांच्याबरोबर?"

"नाही हो. दुपारी आले तर ते असे... मी स्वयंपाकघरात गेलेच नाही."

विल्फच्या मोबाइलवर सकाळी एकच फोन येऊन गेला होता. त्यानं स्वतः कोणालाच केला नव्हता. नोरीननं तो नंबर फिरवला. पलीकडे एक मुलगी होती, चुकीचा विमा गळ्यात मारलेल्या लोकांना भरपाई मिळवून देणाऱ्या कंपनीतली.

"आम्ही मोबाइल दुकानांच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतो," ती म्हणाली. "जुन्या मोबाइलच्या करारात कधीकधी विमा घुसडलेला असायचा. नोकरी गेली तर फोनचं बिल विमा कंपनी भरणार, असा."

"रिमर यांना हे आधी ठाऊक होतं?"

"छे! आजच पहिल्यांदा कळलं त्यांना. मी विचारलं, फोन घेतला तेव्हा कामावर होता का? तर म्हणाले, अगं पोरी, मी तर तेव्हा घरी बसलो होतो, माझी कसली नोकरी जाणार होती? आणि म्हणाले, थांब, आधी एकाला बोलावून विचारतो."

"कोणाला?"

"नाव नाही सांगितलं. बाई, त्यांना काही झालंय का?"

नोरीननं फोन ठेवला.

विल्फनं फोन घेतला त्या काळी फ्लीटवूडमध्ये मोबाइल विकणारा एकच होता, डेस्मंड हॉलगेट. समुद्रापासून लांबच्या बर्नलीकडून आला, दुकान टाकलं, गब्बर झाला. आता विल्फच्याच गल्लीत राहायचा आणि बुडालेल्या खलाशांच्या स्मारकाचा अध्यक्ष म्हणून मिरवायचा. येत्या रविवारी स्मारकाच्या दगडावरचा पडदा उघडणार होता. दगडावर विल्फच्या मुलाचंही नाव होतं.

हॉलगेटनं दारातच उसासा टाकला. "बिचारा विल्फ! वाईट झालं हो. आत या ना, चहा टाकतो."

"चहा नको. शेवटचं कधी भेटलात त्याला?"

"गेल्या रविवारी, चर्चबाहेर. नंतर नाही."

"फोनवर?"

"फोनवर कशाला बोलू? चार घरं सोडून तर राहतो."

नोरीन आत जाऊन खुर्चीत टेकली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सिंकमध्ये टब उपडा, शेजारी कप उपडे.

"एक अडाणी प्रश्न विचारते हं. तुमच्या दुकानातल्या जुन्या करारांत तो नोकरीचा विमा असायचा का?"

हॉलगेट हसला. "तो कर्जावर असायचा हो, क्रेडिट कार्डावर असायचा. मोबाइलवर कुठला! लोकांना हल्ली फुकटच्या भरपाईचं वेड लागलंय. विल्फचंही तेच टुमणं, मी तर घरी बसलो होतो, माझी कसली नोकरी जाणार होती! आता म्हाताऱ्याला समजावणार कसं?"



"डेस्मंड," नोरीन सावकाश म्हणाली, "हे तो तुम्हाला कधी म्हणाला?"

"म्हणजे... रविवारीच की."

"रविवारी त्याला विम्याचा 'वि'सुद्धा ठाऊक नव्हता. आज सकाळी एका मुलीनं विचारलं तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दुपारी तो मेलेला सापडला. मधल्या वेळात हे वाक्य ज्यानं ऐकलं, तोच त्याच्या घरी चहाला होता."

"त्याची नात होती ना तिथे! सगळी गल्ली सांगतेय."

"नातीसाठी कपाटातले सोनेरी काठाचे कप कोणी काढत नाही. ते पाहुण्याला, अध्यक्षसाहेबांना. आणि ते कप धुतले कोणी? तीस वर्षं आमच्यात काढलीत, पण आमचं घर तुम्हाला कळलंच नाही. कोळ्याच्या घरात कप उपडा घालत नाहीत, टब उपडा घालत नाहीत, पावसुद्धा उलटा ठेवत नाहीत. भांडं उलटलं की बोट उलटते, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. बाप बुडालेली पोर मेली तरी असं करणार नाही. तुम्ही मात्र रोज करता. ते बघा, आत्ताही केलंय."

हॉलगेटनं सिंककडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"विमा तुम्ही न विचारता प्रत्येक करारात घुसडलात," नोरीन म्हणाली. "घरी बसलेल्या म्हाताऱ्यांना. ज्यांनी उभ्या जन्मात नोकरी केली नव्हती, त्या खलाशांच्या विधवांनाही. त्या विम्याचा छदामही त्यांना कधी मिळणार नव्हता. कोट घालून विल्फ कुठे निघाला होता?"

हॉलगेट खाली बसला.

"त्या बायकांकडे," तो पुटपुटला. "आत्ताच्या आत्ता एकेकीला जाऊन सांगतो म्हणाला. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. तर म्हणाला, माझ्या पोराच्या नावावरचा पडदा तुझ्या हातानं उघडायचा नाही. कोट आणायला वर गेला. मी मागोमाग गेलो. बाही धरली त्याची, हिसका दिला... मला मारायचं नव्हतं हो त्याला."

"मग डॉक्टरला बोलवायचं होतं. तुम्ही कप विसळत बसलात!" नोरीनचा आवाज चढला, तसा तिच्याबरोबर आलेला शिपाई दारातून आत आला.

संध्याकाळी नोरीननंच शोनाला घरी सोडलं. वाटेत पोरीनं एकच विचारलं.

"माझ्या बोलण्यामुळे नाही ना झालं?"

"नाही गं. त्यांना दुसऱ्यानं पाडलं. आणि तू आलीस की उचलायला. सगळ्यांच्या आधी तूच आलीस."

तेव्हा कुठे शोना रडली, चांगली हमसून हमसून.

कप तपासणीला गेले होते. टब मात्र ठसे घेऊन तसाच सिंकमध्ये उपडा सोडून दिला होता. शोना त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"आता सरळ करून काय उपयोग?" ती म्हणाली. "ह्या घरातलं बुडायचं कोण राहिलंय?"

"तू राहिली आहेस," नोरीन म्हणाली.

शोनानं डोळे पुसले, दोन्ही हातांनी टब उचलला आणि सरळ करून ठेवला.