राहणार, जाणार

काकाच्या ऑफिसात मी चिकटले त्याला सात महिने झाले. नववीत बाईंशी भांडून शाळा सोडली, मग दोन वर्षं घरी बसून सगळ्यांचं डोकं खाल्लं, म्हणून काकाने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "इथे निदान कुणाच्या अंगावर जाणार नाहीस," म्हणाला.

काम काय ते आधी सांगते. मोठ्या दुकानांना आपली गिऱ्हाइकं लक्षात ठेवायला सॉफ्टवेअर लागतं, सीआरएम म्हणतात त्याला. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. नाव, मोबाइल, जन्मतारीख, कधी आला, काय घेतलं, काय कुरकुर केली. ते सॉफ्टवेअर कोरं येतं, आम्ही ते ज्याच्या त्याच्या मापाने शिवून देतो. कुठले रकाने हवेत, कुठला भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, माणूस किती दिवस फिरकला नाही की त्याला मेसेज जावा, असले नियम. नियम ठरवायला काका, कोड लिहायला दाढी. दाढी म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. त्याला कुणीच नावाने हाक मारत नाही.

सध्याचं काम चष्म्याच्या दुकानांचं. चौदा दुकानं, चौदा वेगळी रजिस्टरं. एकच माणूस तीन दुकानांत गेला की त्याची तीन कार्डं. त्याला दुबार म्हणतात. ती शोधून एकत्र करायची, हे माझं काम. माझी नजर तेज आहे, हे माझ्याबद्दल घरात बोलली जाणारी एकमेव चांगली गोष्ट.

दोन कार्डं शेजारी शेजारी उघडतात. डावीकडे वर लिहिलेलं असतं "राहणार", उजवीकडे "जाणार". खाली "एकत्र करा"चं बटण. दाबलं की विचारतं, "नक्की?" हो म्हटलं की उजवीकडचं गेलं. परत आणता येत नाही.

बुधवारी सकाळी काकाने सगळ्यांसमोर माझा आकडा वाचून दाखवला. "साठ? दिवसभरात साठ? तुझ्या जागी तुझी बहीण असती तर दोनशे केले असते."

माझं डोकं फिरलं. मी कार्डं वाचायचं बंद केलं आणि नुसती दाबत सुटले. त्यात एक जोडी आली. आडनाव तेच, मोबाइल तोच, पत्ता तोच, फक्त नावं वेगळी. खाली दुकानदाराची टीप होती: "दोघे भाऊ एकत्र आले. दोघांना एकच फ्रेम हवी होती, दुकानातच भांडले." मी ती वाचली. तरीही दाबलं. राग होता म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं.

दहा मिनिटांनी जरा शांत झाल्यावर ते कार्ड पुन्हा उघडलं. टीप बदललेली होती.

"एकटाच आला. बराच वेळ आरशासमोर स्वतःशी भांडत होता."

कार्डाला फ्रेम घालून बघतानाचा फोटो जोडलेला होता. चाळिशीचा माणूस, जाड काळी फ्रेम. फोटोच्या अगदी डाव्या कडेला उभा. बाकी फोटो रिकामा. त्याचा उजवा हात खांद्याच्या उंचीवर आडवा धरलेला होता. कुणाच्यातरी गळ्यात टाकावा तसा.

मी फोन लावला.

"चष्म्याच्या दुकानातून बोलतेय. तुमच्या भावाची फ्रेम..."

"कोणता भाऊ?"

"चुकून लागला. सॉरी."

"थांबा. तुम्ही भावाचं का विचारलंत?"

"का?"

"मघापासून घरात कुणीतरी कमी आहे असं वाटतंय. मी तर एकटाच राहतो."

मी फोन ठेवला. दाढीला सांगितलं. त्याने दुकानाच्या जुन्या फायली उघडून दाखवल्या. दोन कार्डं कधी नव्हतीच. सुरुवातीपासून एकच माणूस.

"तू जेवून घे," दाढी म्हणाला. "डोळे दमलेत तुझे."

"माझे डोळे दमत नाहीत."

"बरं बाई. मग माझे दमलेत."

गुरुवारी काकाने जाहीर केलं की हाताने करत बसायचं नाही. सगळी दुबार कार्डं मशीनच एकत्र करणार, दुपारी चारला, दुकानांच्या सर्व्हरवर. नियम सोमवारीच ठरले होते आणि ते सुचवले होते मी. आडनाव, मोबाइल, जन्मतारीख, पत्ता जुळला की तो एकच माणूस. पहिलं नाव बघायचं नाही, कारण दुकानातली पोरं नावं वाटेल तशी लिहितात. आणि दोघांपैकी ज्या कार्डाचे रकाने जास्त भरलेले, ते राहणार. त्या दिवशी काका पहिल्यांदाच मला शाबास म्हणाला होता.

जोड्यांची यादी साडेतीनला माझ्या स्क्रीनवर आली. मी ती वरपासून खाली वाचत गेले. तीनशे बाराव्या ओळीत माझं आडनाव होतं.

आम्ही जुळ्या. ती अकरा मिनिटांनी मोठी, तेवढ्यावरून तिला ताई म्हणायचं. गेल्या वर्षी आईने दोघींचे डोळे तपासून घेतले होते, दोन्ही कार्डांवर आईचाच मोबाइल.

राहणार: ताई. तेरा रकाने भरलेले. कॉलेज, ईमेल, रक्तगट, दोन्ही डोळ्यांचे नंबर.

जाणार: मी. पाच रकाने. टीप: "उद्धट. तपासणी अर्धवट सोडून गेली."

मी काकाच्या केबिनमध्ये घुसले.

"काका, आज नको करू हे."

"क्लायंट बोंबलतोय. चार म्हणजे चार."

"माझं कार्ड आहे त्यात. मी आणि ताई. आम्हाला एक करतायत."

"मग? चष्म्याच्या दुकानातून उडालीस तर मरशील का?"

"तू त्या दोन भावांचा फोटो बघ, मग बोल."

"कोणते भाऊ?" त्याने मान वर केली. "हे बघ, काम करायचं नसेल तर सरळ सांग. नाटकं घरी."

दार मी आपटलंच.

दाढी म्हणाला जोड्या आता गोठल्या, मोबाइल बदललास तरी सुटणार नाही. "फक्त कोण राहणार, ते शेवटच्या क्षणी मोजतं. नियम तुझाच ना?"

तीन अठ्ठेचाळीस. मी ताईला फोन केला.

"काय आहे? लेक्चर आहे माझं."

"ताई, तू बरी आहेस ना?"

"आज एकदम ताई? काय फोडलंस?"

"काही नाही. ऐक ना, एक गोष्ट..."

"तिथेही भांडलीस ना? काकाने हाकललं की आई मलाच सांगणार, तिला समजव. सतरा वर्षं तुला समजवतेय मी. कंटाळा आलाय मला तुझा. ठेव."

तिनेच कट केला.

मी माझं कार्ड उघडलं.

ईमेल भरला. रक्तगट भरला, तिचाच तो माझा. व्यवसाय भरला. शिक्षणाच्या रकान्यात खोटं लिहिलं. डोळ्यांचे नंबर मनाने टाकले. आवडती फ्रेम. आवडता रंग. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, तिथे आईचं नाव.

तेरा झाले. अजून काही हललं नव्हतं.

एक रकाना उरला होता. घरातली इतर माणसं. तिच्या कार्डावरही तो रिकामाच होता.

मी लिहिलं, "एक बहीण."

चौदा.

यादीतली आमची ओळ जागच्या जागी उलटली. माझं नाव डावीकडे आलं, तिचं उजवीकडे.

तीन चोपन्न झाले होते. सहा मिनिटं होती. एक रकाना खोडायला एक सेकंद लागतो.

मी हात मांडीखाली घेऊन बसले.

पडद्यावर हिरवी पट्टी भरत गेली. पंख्याचा आवाज. दाढीचं पेन टेबलावर टकटक. मग पट्टी संपली आणि दाढी म्हणाला, "झालं. एकही एरर नाही."

मी कार्ड उघडलं. शेवटचा रकाना रिकामा होता.

ताईचा नंबर लावला. असा नंबर अस्तित्वात नाही, म्हणाली फोनमधली ती रेकॉर्ड केलेली बाई.

घरी आले तेव्हा ऊन होतं. आई बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. आमच्या खोलीत एक पलंग होता, बरोबर मध्ये, वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखा. फरशीवर दुसऱ्या पलंगाच्या खुणासुद्धा नव्हत्या. मी गुडघ्यावर बसून बघितलं.

"काय शोधतेस गं?" आई कपड्यांचा ढीग घेऊन आत आली.

"आई, मला बहीण होती का?"

मला वाटलं ती चिडेल. ती हसली. पलंगावर बसून घड्या घालायला लागली.

"आज कुठून आठवलं तुला? तुझ्या वेळी पोट एवढं मोठं होतं माझं, सगळे जुळंच म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनासुद्धा दोन ठोके ऐकू यायचे."

"मग?"

"मग शेवटी शेवटी एकच यायला लागला."

"कुणाचा?"

"तुझाच की." तिने माझ्या शर्टाची बाही सरळ केली, हाताने दाबून दाबून. "तेव्हाही इतके हातपाय झाडायचीस. आत दुसरं कुणी असतं, तरी तू त्याला राहू दिलं असतंस का?"