उपरण्याखालचा सौदा

पुण्याहून आलेला जुन्या वस्तूंचा व्यापारी पडवीत बसला आणि त्याने आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग खताच्या दुकानाचं कॅलेंडर, मग देव्हारा. ज्यासाठी तो निमोण्यापर्यंत गाडी घेऊन आला होता, त्या चित्राकडे तेवढं बघितलं नाही. सावळाराम कोळपे मनात हसला. मनात भरलेल्या मेंढीकडेही बाजारात लोक असंच बघत नाहीत.

चित्र होतंच तसं. तैलरंगातला, स्वातंत्र्याच्या आधीचा यवतचा मेंढीबाजार. सावळारामचा बाप रखमाजी उकिडवा बसलेला, त्याच्यासमोर एक पाठमोरा माणूस आणि दोघांचे हात एका उपरण्याखाली. जनावराचा भाव तोंडाने बोलायचा नाही, कापडाखाली एकमेकांची बोटं धरून सांगायचा, आणि पटला की अख्खा पंजा दाबायचा, ही बाजाराची रीत. मागे रखमाजीचा कळप. कुठली मेंढी गाभण आहे आणि कुठली नुसतीच पोट सुटलेली, हे रंगातून कळत होतं. सावळारामने उभ्या जन्मात एवढी पारख कुणा व्यापाऱ्यात पाहिली नव्हती.

तरी तो ते विकायला निघाला होता. त्या साली, म्हणजे नव्याण्णवला, पोरानं, पृथ्वीराजनं, स्पष्टच सांगितलं होतं. घोड नदीवरनं पाइपलाइन आणायची, ऊस लावायचा, आणि त्यासाठी मेंढरं मोडायची. नाहीतर आबांनी पैसा दुसरीकडून उभा करावा. मेंढरं रखमाजीच्याच कळपाच्या वाणाची. बापाचं चित्र गेलं तर चालेल, बापाची मेंढरं जायला नकोत, असा सावळारामचा हिशोब होता.

चित्रकार कोण ते कळलं तर भावात फरक पडेल, असं व्यापारी जाताना सहज बोलल्यासारखं बोलला. सावळारामने ते सहज घेतलं नाही.

सून अनिता बारावी झालेली. तिने चित्राच्या कोपऱ्यातली इंग्रजी अक्षरं लावली: पेरेरा, दौंड. मग दोघं एसटीने दौंडला गेली. रेल्वे कॉलनीत, चर्चच्या अंगणात विचारत विचारत एका खोलीपाशी पोचली. तिथे कुशाबाई तांदूळ निवडत बसली होती. लहानपणी ती पेरेरा गार्डाच्या क्वार्टरवर जवसाच्या तेलात रंग घोटायला असायची. बाहेरून मालगाडी गेली की तिच्या खिडकीची काच थरथरायची आणि ती बोलायची थांबायची.

"सायबानं आधी हात काढलं," ती म्हणाली. "बोटं, नखं, नखातली माती, समदं. मग त्याच्यावर उपरणं काढलं."

"झाकायचंच व्हतं तर काढलं कशाला?" अनिताने विचारलं.

"न्हाईतर उपरणं खोटं पडंल म्हनायचा."

सावळारामच्या अंगावर कौतुकाने काटा आला. असा माणूस मेंढपाळ व्हायचा, रेल्वेत वाया गेला. त्याने पाठमोरा कोण ते विचारलं. पाठमोरा सायबच होता, दोन आरसे लावून त्याने स्वतःची पाठ काढली होती. त्याला मेंढरांचं वेड. दर बाजाराला तो रखमाजीकडे अख्खा कळप मागायचा. रखमाजी हात काही दाबायचा नाही, पण काढूनही घ्यायचा नाही. नुसता हसायचा. खूश होऊन सायबाने त्याला हे चित्र दिलं आणि पुढच्या बाजाराला परत कळप मागितला.

"सायेब वारला तवा बी सौदा मोडला नव्हता," कुशाबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "कळप हाय का अजून?"

सावळारामने छाती फुगवून हो म्हटलं. कुशाबाईने सूप खाली ठेवलं. ही दोघं उठेपर्यंत तिने ते परत उचललं नाही.

त्यानंतर घरात जवसाच्या तेलाचा वास येऊ लागला. सावळारामच्या बायकोने, सरूबाईने, डबे, बरण्या पालथ्या घातल्या. "घरात जवस न्हाई आन् त्याल आलं कुठनं?" ती नवऱ्याला टोचून म्हणाली. भर दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी राहतात, तशी ती राहीनात. कुंपण घातलेल्या वाडग्यात सगळी माना वर करून, घराकडे तोंड करून उभी. हालेनात. फार देखणी दिसत होती. सावळाराम बघत राहिला.

व्यापारी परत आला. नाव कळल्यावर त्याचा चेहरा उजळला आणि त्याने तो लगेच पाडला. सावळारामने भाव तोंडाने सांगायला नकार दिला. पाहुणा हौशी, त्यालाही गंमत वाटली. पडवीत बसकर टाकलं, उपरणं पसरलं.

व्यापाऱ्याचा हात मऊ, घामेजलेला. बोटं धरायची त्याला अक्कल नव्हती. सावळाराम शिकवत शिकवत भाव चढवत गेला. सौदा करताना डोळे मिटायची त्याला जुनी सवय होती.

मग हात बदलल्यासारखा वाटला.

पकड कोरडी झाली. बोटांची टोकं चिकट. पण काय हात होता तो! घाई नाही, चूक नाही. एक बोट सोडून दुसरं धरताना मध्ये श्वास घ्यावा एवढीच जागा. असा सौदा करणारा सावळारामला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. तो चित्र विसरला, पाइपलाइन विसरला.

पंजा दाबला गेला. त्यानेही दाबला.

"आबा, थांबा हं," व्यापाऱ्याचा आवाज अंगणातून आला. "चहा घेतो आणि परत बसतो."

सावळारामने डोळे उघडले. व्यापारी तुळशीपाशी उभा होता. त्याच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात बशी.

उपरण्याखाली पंजा अजून धरलेला होता.

मग तो सुटला.

सावळारामने पाहुण्याला सांगितलं की सौदा झाला, आता दुसऱ्याला देता येत नाही. व्यापाऱ्याला वाटलं म्हातारा भाव वाढवतोय. त्याने तोंडाने दोनदा वाढवून पाहिला आणि चिडून निघून गेला. पृथ्वीराज तर जेवलाच नाही. सावळाराम भिंतीला टेकून त्या बोटांनी सांगितलेला आकडा पुन्हा पुन्हा मांडत राहिला. एवढ्याला चित्र जात नाही. एवढा भाव कळपातल्या एकेका नगाला असतो.

उजाडता सरूबाईची हाक आली. "अवं, रंग कुनी मारला ह्यो?"

बाजारात सौदा पटला की घेणारा जनावराच्या पाठीवर आपल्या रंगाची खूण करतो आणि सवडीने न्यायला येतो. वाडग्यातल्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर निळा फराटा होता. एकाच हाताचा, एकाच झटक्यातला, कुठे थेंब ओघळलेला नाही. एवढी सुबक खूण सावळारामने कधी पाहिली नव्हती. त्याने बोट लावलं. रंग ओला होता.

कोपऱ्यात एक मेंढी नुकतीच व्यालेली. ती कोकरू चाटत होती. कोकरू अजून ओलंच होतं, पाय थरथरत होते.

त्याच्या पाठीवरचा फराटा मात्र वाळलेला होता.