उसना विस्तव

उखर्डूला त्या साली केळीला टेकू द्यायला बांबू हवे होते, सगळं एवढ्यावरून सुरू झालं. घड भारी लागले होते. टेकू नसला तर वाऱ्याच्या एका झोतात बाग कशी आडवी होते, हे तुम्हा पोरांना मी काय सांगणार. तुम्हीच थंडीपासून बाग वाचवायला इथे रात्रभर धूर करत बसलाय. बांबू मिळायचे वर सातपुड्यात, पालच्या बाजूला, जंगलखात्याच्या डेपोवर. बैलगाडी घेऊन पहाटे निघालं की रात्री जेवणवेळेला माणूस घरी.

उखर्डू आमच्याच गल्लीतला. ही हकिकत मी त्याच्या तोंडून दोनदा ऐकली, एकदा त्याच आठवड्यात आणि एकदा पाच वर्षांनी. दोन्ही वेळा तसूभर फरक नव्हता. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा थोडा मीठमसाला लावतोच. याने लावला नाही, म्हणून माझा विश्वास आहे. तुम्ही ठेवा न ठेवा.

तारीख नऊ जानेवारी, साल शहाऐंशी, वार गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. बांबू लादायला दोन माणसं लागतात, म्हणून उखर्डूने धाकट्या भावाला, जीवरामला, बरोबर घेतलं. आता जीवराम दिवाळीत टायफॉइडमधून उठलेला. अंगावर मांस नाही, चार पावलं चालला की धाप. त्याच्या बायकोने, सुनंदाबाईने, थोरल्या जावेकडून निरोप पाठवला की यांना नेऊ नका, छातीत अजून घरघर आहे. उखर्डू हसला. म्हणाला, तिला सांग, माझ्याजवळ तीन आगी आहेत. जीवरामला थंडी शिवली तर नाव बदलीन.

ते खरंच होतं. उखर्डूच्या आगींची गावभर थट्टा चालायची. त्याच्या बापाने एकदा ओली झालेली आगपेटी घेऊन डोंगरात पावसाळी रात्र काढली होती. तेव्हा छातीत जो कफ बसला, तो सरणावरच गेला. तेव्हापासून उखर्डू एका आगीवर विसंबून घराबाहेर पडत नसे. बंडीच्या आतल्या खिशात मेणकापडात गुंडाळलेली आगपेटी. कमरेला डबी, तिच्यात चकमक, गारगोटी आणि सावरीचा कापूस. आणि गाडीच्या आसाखाली टांगलेलं मातीचं बोळकं, त्यात राखेखाली धुमसणारी गोवरी. ती गोवरी नीट राखली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विस्तव मरत नाही. एक आग भिजली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे एकाच वेळी तिन्ही जाणार नाहीत. माणूस हुशार होता, यात शंका नाही.

डेपोवरचा कारकून जेवायला गेला तो तीन वाजता उगवला. गाडी भरून निघायला साडेचार झाले. घाटाच्या पहिल्या वळणावर दिवस मावळला, आणि तिथे वाटेच्या कडेला एक बाई उभी होती. हातात खापराचा तुकडा. डोक्यावरून पदर ओढलेला. म्हणाली, "भाऊ, विस्तव देता का थोडा? चूल इझली."

आपल्याकडे विस्तव मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. आणि नेणारी बाईही रिकाम्या हाताने नेत नाही, घेतल्या विस्तवाच्या जागी गोवरीचा तुकडा ठेवते, म्हणजे देणाऱ्याची चूल विझू नये. तुमच्या आयांना विचारा. उखर्डूने गाडी थांबवली, बोळकं सोडलं, चिमट्याने दोन निखारे तिच्या खापरावर ठेवले. तिने पदराखालून गोवरीचा तुकडा काढून दिला. याने तो न बघताच बोळक्यात घातला, वर राख ओढली आणि बैल हाकले. जीवरामने मागे वळून पाहिलं, म्हणाला, दादा, अठी वस्ती कुठी हाये? उखर्डू म्हणाला, असेल पावरा आदिवाशांची एखादी झोपडी. पुढे त्याने विचारही केला नाही.

साडेसातला गारा आल्या. जानेवारीत गारा म्हणजे केळीवाल्याचं वर्ष गेलंच. सुपारीएवढ्या गारा, पाठोपाठ पाऊस, अर्धा तास नुसता मारा. दोघेही आतून बाहेरून भिजले. घाट संपता संपता ओढा लागतो, तिथे डावा बैल घसरून बसला, गाडी कलली आणि आस मोडला. पाऊस थांबला तेव्हा ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं आणि गाव अडीच कोस लांब. आभाळ मोकळं झालं. वारा पडला. आणि मग थंडी उतरायला लागली.

उखर्डूने बैल सोडून झाडाला बांधले. जीवरामला गाडीखाली घेतलं, त्याचा ओला सदरा काढला, ताडपत्रीखालचं कोरडं घोंगडं त्याच्याभोवती आवळलं. बैलांसाठी आणलेला कडबाही ताडपत्रीखाली कोरडा राहिला होता. म्हणजे जाळायला होतं. फक्त पेटवायचं बाकी होतं. जीवरामचे दात इतके वाजत होते की त्याला बोलता येईना. उखर्डू म्हणाला, घाबरू नको, आता पेटवतो.

त्याने बोळकं काढलं. राख बाजूला केली. हात घातला.

बोळकं गार होतं. निखारा नाही, धग नाही. बाईने दिलेला तुकडा हाताला लागला. तो गोवरीचा नव्हता. मातीचं ढेकूळ होतं, ओलं... आणि त्यात कोळसे. सरण विझवल्यावर उरतात तसले.

उखर्डूने ते फेकलं. खिशातून आगपेटी काढली. मेणकापड कोरडं, काड्या कोरड्या. पहिली काडी ओढली. पेटली. कडब्याकडे नेली आणि ज्योत आडवी झाली. वारा नव्हता. ज्योत एका बाजूला ओढली गेली, लांब झाली आणि गेली. दुसरी काडी, तेच. तिसरी त्याने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली, तीही त्याच बाजूला वाकली, ओढ्याच्या बाजूला. बारा काड्या होत्या. बाराही पेटल्या. एकीनेही कडबा धरला नाही.

तेव्हा त्याला कळलं, असं तो मला म्हणाला. विस्तव मागणारी ती बाई माणसातली नव्हती.

नऊ वाजून गेले असतील. गाव अडीच कोस. भावाला खांद्यावर टाकून पाण्यातून जाणं शक्य नव्हतं. सोडून जाणं त्याहून नाही. एकच आग उरली होती. त्याने डबी उघडली. बोटं बधिर. गारगोटीवर कापूस दाबला, चकमक मारली. ठिणगी उडाली. पुन्हा मारली. पुन्हा. कापसाने ठिणगी धरली... तांबडा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. उखर्डू गुडघ्यांवर बसून फुंकर घालायला लागला. हळू. अगदी हळू.

मागून आवाज आला. "भाऊ... विस्तव देता का थोडा?"

तीच बाई.

त्याने मान वळवली नाही. ठिपका मोठा होत होता. मग उजवीकडून, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. "भाऊ, थोडा विस्तव." मग ओढ्यापलीकडून. मग झाडापाशी, बैलांच्या जवळून. बैल मात्र गप्प उभे. चहूबाजूंनी तेच, नम्रपणे, दारात उभं राहून मागावं तसं.

उखर्डूने आयुष्यात कुणाला विस्तव नाकारला नव्हता. त्याच्या बापाने नाही, आजाने नाही.

"नही," तो म्हणाला. "भाऊ मरू राह्यला माह्या. नही देत."

सगळे आवाज थांबले.

त्याच्या हातातला ठिपका... विझला. कुणी चिमटीत धरावा तसा. मग त्याने चकमक कितीदा मारली याला हिशेब नाही. एकही ठिणगी पडली नाही. गारगोटीची धार बोटात घुसली, रक्त आलं, तेही त्याला सकाळी दिसलं.

मग जीवरामचे दात वाजायचे थांबले.

उखर्डूला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे ऊब आली. त्याने हाक मारली. जीवराम शांतपणे म्हणाला, "दादा, सरक ना जरा. त्याहीले बसू दे."

"कोनाले?"

उखर्डूने त्याला हलवलं.

"जीवराम, कोनाले?"

"किती मोठी पेटवली त्याहीनं..."

उखर्डूने डोळे फाडून पाहिलं. अंधार. ओढ्याचं पाणी. बाकी काही नाही.

जीवरामने घोंगडं अंगावरून ढकललं. उखर्डूने पुन्हा गुंडाळलं. त्याने पुन्हा ढकललं, अंगात जोर नव्हता त्याच्या, पण त्या वेळी उखर्डूला तो आवरेना. शेवटी उखर्डू घोंगड्यासकट त्याच्या अंगावर आडवा पडला. आपली ऊब त्याला द्यायची. एवढंच उरलं होतं द्यायला. जीवरामने दोन्ही हात बाहेर काढले. पुढे धरले. अंधारात.

"आता बरं वाटू राह्यलं, दादा."

मग तो बोलला नाही. उखर्डू बोलत राहिला. लहानपणचं, बागेचं, घरचं. पहाटेपर्यंत बोलत राहिला. आपण कुणाशी बोलतोय हे त्याला बरंच आधी कळलं होतं.

उजाडल्यावर डेपोकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी दोघांना पाहिलं. जीवराम कुशीवर, हात पुढे ताठ. आजूबाजूला राख नाही, कोळसा नाही, कडब्याची पेंढी जशीच्या तशी. दहा वाजता त्याला घरी आणलं आणि ओट्यावर ठेवलं. मी तिथे होतो. उखर्डू भिंतीला टेकून एकच सांगत होता, तिन्ही आगी होत्या, पण पेटली नाही, एकही पेटली नाही. लोक माना हलवत होते. थंडीने गेला, अशक्त होता, असं जो तो म्हणत होता.

सुनंदाबाई नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन बसली होती. रडून रडून थकलेली. बोटांवरून, मनगटावरून आपला हात फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली. वाकून वास घेतला. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिने आजवर पदर मागे केला नव्हता, तोंड उघडलं नव्हतं. तिने पदर मागे केला आणि उखर्डूकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही तं म्हनता, आग पेटलीच नही," ती म्हणाली. "मंग हे काय?"

तिला वाटलं, शेकोटी पेटली होती आणि हा ते लपवतोय. तिने जीवरामचा हात सगळ्यांसमोर उचलून धरला. कोपरापासून मनगटापर्यंत एकही केस जागेवर नव्हता. जाळापाशी फार वेळ हात धरला की होतात तसे, सगळे करपून गेले होते.