सकुबाईचं विरजण

सांगायला लावता म्हणून सांगतो. मधे कोणी हसलं तर उठून जाईन.

कोंडू म्हातारा त्या दुपारी म्हसा गावाहून मुरबाडला आला, तो नातीला, हर्षालीला, डबा द्यायला. ती प्रयोगशाळेत कामाला. जंतूंच्या अंगात नवा गुण घालायचा आणि त्यांच्याकडून जीवनसत्त्व करून घ्यायचं, असलं तिचं काम. जंतू मात्र घरचे, आजी सकुबाईच्या नाचणीच्या आंबिलीतले. पायाला मुंग्या येऊन येऊन, रक्त आटून म्हातारी गेली; डॉक्टर म्हणाले, जीवनसत्त्व कमी. सुतक फिटताना कोंडूनं रीतीप्रमाणे घरातली सगळी मडकी फोडली, आंबिलीचंसुद्धा. चाळीस वर्षांचं विरजण उकिरड्यावर गेलं हे ध्यानात आलं, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाय. हर्षालीनं आधी चमचाभर नेलं होतं, तेवढंच काय ते उरलं.

खोलीत काचेचं मोठं भांडं. वर पोलादी झाकण, बोल्टांनी आवळलेलं. आत पाणी निपचित.

"चार दिवस झाले आजोबा, उठतच नाय." हर्षालीचे डोळे भरलेले. "साठ्यातलं पण मेलं. हे शेवटचं. सर संध्याकाळी ओतून टाकणार."

कोंडूनं बोटाचं पेर काचेवर तीनदा वाजवलं. सकुबाई मडक्याला रोज तसंच उठवायची.

"ओ बाबा, देवऋषीपणा घरी करा!" दारातून दीपेश सर खेकसला. "अडाणी कुठले!"

कोंडूनं मान वळवली नाय. "उठ गो सकू... पोरगी उपाशी बसलीय."

वीज गेलेली. यंत्रं गप्प. आणि आतून, सावकाश...

टक. टक. टक.

आंबिलीचा आंबूस वास सुटला, चुलीच्या धुरासकट. एक बुडबुडा आला. मग दहा. मग फेस.

"आजोबा... काच बघा..."

काचेवर, आतल्या बाजूनं, बोटाचा पट्टा उमटत होता. वरून खाली. त्याचं टोक तिरपं, तुटकं. लग्नाच्या पहिल्या साली भातकापणीत विळ्यानं सकुबाईचं पेर असंच उडालं होतं.

"मीठ बघतेय, मडक्यात बोट फिरवून चाखायची तशी," कोंडू हळूच म्हणाला, आणि रडला.

संध्याकाळी तपासलं, जीवनसत्त्व भरपूर उतरलेलं.

त्यानंतर काच तीनदा बदलली. पट्टा रोज जेवणाच्या वक्ताला उमटतोच. कोंडू आता दोघींचा डबा नेतो, नातीचा आणि सकूचा. भांड्यापाशी जाताना सर चपला बाहेर काढतो, म्हणे. काढू दे. माफी मात्र दीपेशनं अजून मागितलेली नाय.